आडनावातले गाव आणि गावाबाहेरचे आम्ही



गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. नया नगरमध्ये आम्ही दर रविवारी संध्याकाळी मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. त्यातला एक मुलगा बी.कॉम. होऊन नुकताच नोकरीला लागला आहे. घरात आई-वडील, बहीण आणि तो. एका खोलीत चार माणसे. म्हणून तो जवळपास भाड्याने मोठी जागा शोधत होता. एजंटने जागा दाखवली, भाडे ठरले, डिपॉझिटही ठरले. मग मालकाचा फोन आला.

पहिला प्रश्न: आडनाव काय? मुलाने सांगितले. आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यामुळे मालकाला काही अंदाज येईना. म्हणून दुसरा प्रश्न: गाव कुठलं? मुलाने तालुक्यासकट गाव सांगितले. त्यावरूनही काही कळेना. मग तिसरा प्रश्न, जो आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे: "तसं नाही हो, म्हणजे तुम्ही त्यातले कोण?" मुलगा म्हणाला, "आम्ही बौद्ध." दुसऱ्या दिवशी एजंटचा मेसेज आला की जागा मालकाच्या पाहुण्यांना दिली. महिना होत आला, पाहुणे अजून आलेले नाहीत.

त्या रविवारी मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, मी आडनाव बदलतोय. गॅझेट करून टाकतो. असं काहीतरी घेतो की ज्याच्यावरून कुणाला काहीच कळणार नाही." त्याच्या शेजारी बसलेला त्याचा मुस्लिम मित्र हसून म्हणाला, "तू निदान तिसऱ्या प्रश्नापर्यंत तरी पोहोचतोस. माझं पहिल्याच प्रश्नात संपतं."

वर्गात सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या मुलाच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. आडनाव बदलावे की बदलू नये? 'लपवू नकोस, अभिमान बाळग' असे भाषण ठोकणे सोपे असते, कारण भाषण करणाऱ्याला खोली शोधायची नसते. म्हणून आम्ही थोडा अभ्यास केला आणि त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना हे उत्तर लिहीत आहोत.

'कर' म्हणजे नेमके काय?

मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव तयार होते. निंबळकवरून निंबाळकर, होळवरून होळकर, चिपळूणवरून चिपळूणकर. इंग्रजांमध्येही अशी आडनावे भरपूर आहेत. यॉर्क, लिंकन, वॉशिंग्टन ही सगळी आधी गावांची नावे आणि मग माणसांची आडनावे. म्हणजे जमिनीवरून माणसाला ओळखण्याची ही पद्धत काही आपल्या एकट्याची नाही.

पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आम्हाला यात एक भेद दिसतो. गावाचे नाव लावणारे लोक एका प्रकारचे नसतात.

पहिला प्रकार मालकाचा. फलटणच्या निंबाळकरांनी गावाचे नाव लावले ते वतनदार म्हणून. तिथे आडनाव म्हणजे सातबाराच समजा. गाव माझे, म्हणून गावाचे नाव माझे.

दुसरा प्रकार गाव सोडणाऱ्याचा. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून कुणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच चिपळूणचे. तो पुण्याला गेला की लोक विचारतात, हा कुठला? चिपळूणचा. मग तो चिपळूणकर होतो. नीरेकाठच्या होळ गावचे धनगर घराणे असेच बाहेर पडले, मल्हारराव होळकरांनी पराक्रम केला आणि एका लहान गावाचे नाव इंदूरच्या राजगादीवर जाऊन बसले. या प्रकारात आडनाव म्हणजे मागे राहिलेल्या गावाची खूण.

यातलेच एक वेगळे उदाहरण मास्टर दीनानाथांचे. वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी, आई कलावंत समाजातली. वडिलांचे आडनाव त्यांनी लावले नाही. मंगेशी हे गाव मात्र त्यांचे होते, तिथला देव त्यांचा होता. म्हणून ते मंगेशकर झाले आणि पुढे त्यांच्या मुलींनी ते नाव जगभर नेले. ज्याला बापाचे नाव लावता येत नाही त्यालाही गावाचे नाव लावता येते, हे इथे लक्षात घ्या.

आता तिसरा प्रकार, आपला. आम्ही गावाचे मालक नव्हतो. गावात राहत होतो असेही म्हणता येत नाही, कारण आमचा वाडा गावकुसाबाहेर होता. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. पण गंमत बघा. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की शीव कुठून जाते हे सांगायला महारालाच बोलावत. सरकारी टपाल पोहोचवायला महार, आल्यागेल्या साहेबाचे सामान वाहायला महार, मेलेले जनावर ओढायला महार. गावाची हद्द ज्याला सर्वात जास्त ठाऊक, त्यालाच हद्दीच्या आत घर नाही! या महारवतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

असा माणूस जेव्हा पलटणीत भरती होतो किंवा गिरणीत कामाला जातो आणि गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव सांगतो, तेव्हा तो काय करत असतो? ज्या गावाने त्याला आत घेतले नाही, ते गाव तो स्वतःच्या नावात घेतो. आमच्या मते हे आडनाव म्हणजे दावा आहे. 'तुम्ही मला गावाचा म्हणा अथवा म्हणू नका, मी या गावचा आहे' असा दावा.

साताऱ्याचे रजिस्टर

आता मुख्य आडनावाकडे येऊ.

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. घराण्याचे कुळनाव सकपाळ. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. दोघेही पलटणीतले. सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. हाच ७ नोव्हेंबर आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

सकपाळचे आंबेडकर कसे झाले? इथे दोन गोष्टी सांगितल्या जातात.

एक गोष्ट अशी की कोकणातल्या रिवाजाप्रमाणे सुभेदारांनी कुळनावाऐवजी गावावरून आंबडवेकर हे नाव लावले. दुसरी गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात, भाषणात आणि हल्ली व्हॉट्सअॅपवर शंभर वेळा ऐकलेली आहे. साताऱ्यात आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, त्यांचा या हुशार मुलावर जीव होता, आणि आडनाव उच्चारायला अवघड म्हणून त्यांनी स्वतःचे आडनाव त्याला दिले.

काही कार्यकर्ते ही दुसरी गोष्ट साफ खोटी म्हणून फेकून देतात. आम्ही तसे करणार नाही. कारण त्या शिक्षकांची आठवण खुद्द बाबासाहेबांनी प्रेमाने सांगितलेली आहे. मधल्या सुट्टीत ते आपल्या फडक्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत, ही आठवण त्यांनी जपली होती. ज्या शाळेत मुलाला वेगळे बसावे लागे तिथे एका मास्तरने आपली भाकरी दिली, याचे मोल बाबासाहेबांना ठाऊक होते. त्यांनी मानलेला जिव्हाळा आपण नाकारायचे कारण नाही.

पण जिव्हाळा वेगळा आणि मालकी वेगळी. 'ब्राह्मणाने आडनाव दिले म्हणून आंबेडकर झाले' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा भाकरीची आठवण बाजूला राहते आणि उपकाराची पावती फाडली जाते. त्यांना आम्ही साधा प्रश्न विचारतो. आंबडवेकर आणि आंबेडकर या दोन शब्दांत फरक किती? एक अक्षर गळले आणि एक मात्रा सरकली. गाव आधीच नावात होते. मास्तरांनी फार तर वहीतला उच्चार सोपा केला. सकपाळांच्या पोराच्या नावात गाव आणले ते सुभेदाराच्या घराने. आणि त्या मास्तरांचे आडनाव तरी कुठून आले होते? तेही 'कर'च. त्यांच्याही कुणा पूर्वजाने कुठले तरी गाव सोडले असणारच. दोन गावांवरून आलेली दोन आडनावे एका शाळेच्या वहीत एकसारखी झाली, इतकीच ही घटना आहे.

त्या नावाचे पुढे जे झाले ते कोणा मास्तराने केले नाही. आज देशात किती रस्ते, चौक, वाचनालये, वसतिगृहे या नावाची आहेत ते मोजणे अवघड आहे. पण आंबडवे कुठे आहे ते किती जणांना ठाऊक आहे? गावामुळे माणूस ओळखला जावा म्हणून हे आडनाव आले, आणि शेवटी माणसामुळे गाव ओळखले जाऊ लागले.

इंग्रजांचे एक गाव आणि काळ्या माणसांचे आडनाव

आपल्या लढ्याचे नाते अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्याशी जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक तिथली गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. म्हणून आडनावाच्या या प्रश्नातही तिकडे काय घडले ते बघू.

इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वीच्या डरहम परगण्यात, वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम नावाच्या एका सरदाराला त्या गावची जहागीर मिळाली. आधी तो हर्टबर्न या ठिकाणाचे नाव लावत असे. जहागीर बदलली तसे त्याने नावही बदलले आणि तो वॉशिंग्टनचा विल्यम झाला. हा आपला पहिला प्रकार, निंबाळकरांसारखा: गाव माझे, म्हणून गावाचे नाव माझे. त्याच घराण्यातला जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकात समुद्र ओलांडून अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. त्याचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टन वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३०० हून अधिक गुलाम होते.

आता पुढचे वाचा. २००० सालच्या अमेरिकेच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक सापडले. त्यातले दर दहांपैकी नऊ काळे होते! इंग्रज जहागीरदाराचे आडनाव आज अमेरिकेत काळ्या माणसाचे आडनाव म्हणून ओळखले जाते.

हे कसे झाले? हे सगळे लोक काही जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलामांचे वंशज नाहीत. गुलामाला मालकाच्या वहीत आडनाव नसे, फक्त नाव असे, जनावराच्या नोंदीसारखे. १८६५ साली गुलामी संपली आणि लाखो माणसांना आडनावाची गरज पडली. मजुरीच्या करारासाठी, लग्नाच्या नोंदीसाठी, शाळेसाठी. तेव्हा अनेकांनी स्वतःचे आडनाव स्वतः निवडले.

त्यातला एक मुलगा बुकर. १८५६ च्या सुमारास गुलामीत जन्मलेला. सुटका झाल्यावर तो शाळेत गेला. मास्तर हजेरी घेत होते. बाकीच्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन नावे. याला एकच: बुकर. आपली पाळी येईपर्यंत याने मनाशी ठरवले, आणि मास्तरांनी विचारल्यावर जणू जन्मापासून तेच नाव असल्यासारखे सांगितले: बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने आपले नाव बुकर टॅलिआफेरो ठेवले होते हे त्याला मागाहून कळले, मग त्याने तेही मध्ये घातले. हाच पुढे टस्कीगीची शिक्षणसंस्था उभारणारा बुकर टी. वॉशिंग्टन. ही हकिकत त्याने १९०१ साली आपल्या आत्मचरित्रात लिहिली, म्हणजे साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाल्याच्या पुढच्याच वर्षी.

दोन खंड, दोन शाळा, दोन वह्या. एका वहीत अस्पृश्य सुभेदाराचा मुलगा, दुसऱ्या वहीत सुटलेल्या गुलामाचा मुलगा. दोघांच्याही नावापुढे ज्या गावाचे नाव आले, त्या गावावर त्यांची मालकी नव्हती. तरी आज 'आंबेडकर' म्हटल्यावर कुणाला मास्तर आठवत नाही, आणि अमेरिकेत वॉशिंग्टन आडनाव ऐकून कुणाला डरहमचा सरदार आठवत नाही.

अर्थात तिथेही दुसरा विचार होता. माल्कम लिटल या तरुणाने 'लिटल' हे गुलामांच्या मालकाने दिलेले नाव म्हणून टाकून दिले आणि त्या जागी एक्स लावले. माझे खरे आडनाव तुम्ही हिरावून घेतले, म्हणून इथे फुली, असा त्याचा अर्थ. आम्ही बुकरला बरोबर आणि माल्कमला चूक म्हणत नाही, उलटही म्हणत नाही. एकाने नाव उघडपणे घेतले, दुसऱ्याने उघडपणे टाकले. दोघांनीही लपवले नाही. आमच्या त्या मुलाला आम्हाला नेमके हेच सांगायचे आहे.

बडोद्याचे रजिस्टर

आता तिसरी वही. हा प्रसंग आमच्या पिढीने विसरता कामा नये, कारण तो खोली शोधण्याचाच आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, महाराजांच्या दरबारात मोठा हुद्दा, आणि शहरात राहायला जागा नाही. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात गेले. तिथल्या रखवालदाराने सांगितले, ही जागा फक्त पारशांसाठी आहे. मग तोडगा निघाला: रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचे. बाबासाहेबांनी ते मान्य केले. दुसरा इलाजच नव्हता.

मित्रांनो, हे नीट वाचा. 'नाव लपवणारा भित्रा असतो' असे म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचा. ज्या माणसाने पुढे सगळ्या व्यवस्थेला आव्हान दिले, त्यालाही एकदा डोक्यावर छप्पर हवे म्हणून दुसऱ्याचे नाव लावावे लागले. म्हणून त्या मुलाला आम्ही नावे ठेवणार नाही. त्याची गरज खरी आहे.

पण पुढे काय झाले? अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेऊन पारशांचा जमाव खोलीच्या दाराशी आला. तू कोण, असे विचारत संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम दिला. मित्रांकडे विचारले, तिथेही जागा मिळाली नाही. ते पाच तास एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. उसन्या नावाने छप्पर मिळाले ते दहा दिवसांचे.

खोटे नाव का टिकत नाही? कारण विचारणाऱ्याला नाव नकोच असते. त्याला जात हवी असते. एक आडनाव झाकले की तो गाव विचारतो, गाव झाकले की वाडी विचारतो, वाडी झाकली की कुलदैवत विचारतो, नाहीतर भिंतीवरच्या तसबिरीकडे बघतो. आपल्याकडे जाधव, मोरे, गायकवाड, पवार, शिंदे ही आडनावे मराठ्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. म्हणून जात शोधली जायची थांबली का? उलट त्यासाठी जास्तीचे प्रश्न तयार झाले. दोष आडनावात असता तर आडनाव बदलून तो गेला असता. दोष प्रश्नात आहे.

मग नाव बदलूच नये का?

असे आम्ही म्हणत नाही. आपली चळवळ नामांतराचीच चळवळ आहे. ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषदेत, 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात, बाबासाहेबांनी धर्मांतराचा विचार मांडताना नामांतराचाही विचार मांडला. चोखामेळा, हरिजन अशी नवी नावे घेऊन काही साधत नाही, कारण ती जुन्याच घरातली दुसरी खोली आहे, असा त्याचा सार आम्ही समजतो. १९३८ साली मुंबई विधानसभेत कायद्यात 'हरिजन' शब्द घालण्याचा घाट घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. दुसऱ्याने दयेने दिलेले नाव त्यांनी नाकारले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने 'बौद्ध' हे नाव स्वतः घेतले, आपल्याला दिले.

मराठवाडा विद्यापीठाचे उदाहरण घ्या. नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळेंसारख्या माणसांनी जीव दिला. प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पाटीवर एक आडनाव लिहायला सोळा वर्षे! नावात काही नसते असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून दाखवावा.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातीवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण पाटी बदलली आणि नळाची लाइन गावातच थांबली, तर तो बदल रंगाऱ्याने केला असे म्हणावे लागेल, समाजाने नव्हे.

म्हणजे कसोटी सोपी आहे. नाव बदलताना मान ताठ होते की खाली जाते? उघड सांगून बदलता की कुणाला कळू नये म्हणून बदलता? पहिले नामांतर, दुसरे वेषांतर.

कागदाची बाजू

भावना बाजूला ठेवून व्यवहाराचेही सांगतो, कारण अभ्यासवर्गातल्या निम्म्या मुलांना हे माहीत नव्हते.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून इथले असल्याचा पुरावा मागतात. मिरा-भाईंदरच्या इमारतीत जन्मलेल्या मुलाकडे तो कुठून असणार? तो असतो गावाला. आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये, नाहीतर तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्यासाठीही आजोबा-पणजोबांची मूळ जातीची नोंद लागतेच. पडताळणी समिती वंशावळ बघते, आडनावे जुळवते. आज घाईत गॅझेट केले आणि उद्या आजोबाचे आडनाव एक, वडिलांचे दुसरे, तुझे तिसरे झाले, तर प्रत्येक टेबलावर खुलासा करत बसावे लागेल. म्हणून आधी गावाला जा. आजोबांच्या नावाचा दाखला काढ. नोंदीची नक्कल घे. मग आडनावाचा विचार कर.

यात एक विचित्र न्याय आहे. ज्या गावाने आपल्याला कुसाबाहेर ठेवले, त्याच गावाच्या दप्तरात आपल्या हक्काचा पुरावा पडलेला आहे. आडनावातला 'कर' हा त्या दप्तराचा पत्ता आहे. पत्ता फाडून टाकण्याआधी आतले कागद काढून घ्यावेत.

नया नगरातले मंडणगड

शेवटी पुन्हा आमच्या नया नगरात येतो. हा भाग मुस्लिमबहुल आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक कुटुंबे मिरा रोडला आली, कारण इतर ठिकाणी त्यांना दारे बंद झाली. जानेवारी २०२४ मध्ये इथे काय झाले, बुलडोझर कसे फिरले, हे सगळ्यांनी पाहिले आहे. नुसता 'नया नगर' एवढा पत्ता सांगितला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. म्हणजे गावाचे नाव आडनावात नसले तरी माणसाला चिकटते, ते असे.

त्या रविवारी हसलेला जो मुस्लिम मित्र, त्याचे घराणे कोकणी. त्याच्या नात्यात बाणकोटकर आहेत. बाणकोट कुठे आहे? सावित्री नदीच्या मुखाशी, मंडणगड तालुक्यात. आणि आंबडवे कुठे आहे? मंडणगड तालुक्यात! आम्ही वर्गात नकाशा उघडून दोन्ही गावे दाखवली तेव्हा मुले गप्प झाली. एका तालुक्यातली दोन गावे. एकावरून झालेले आडनाव मुसलमानाचे, दुसऱ्यावरून झालेले आडनाव बाबासाहेबांचे. 'कर' या दोन अक्षरांच्या रांगेत ब्राह्मण, धनगर, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध सगळे शेजारी उभे असतात. हे आडनाव जात सांगत नाही, गाव सांगते. जात त्यातून उकरून काढावी लागते, आणि उकरणारा हात कुणाचा असतो ते आपण फोनवर ऐकलेच आहे.

कायद्याचा आधार इथे अपुरा आहे, हेही कबूल केले पाहिजे. संविधानाचे कलम १५ दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांची नावे घेते. खासगी भाड्याच्या खोलीचे नाव त्यात नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम वैध ठरवला. बडोद्याच्या त्या विश्रामगृहानंतर जवळपास नव्वद वर्षांनी! म्हणून घर नाकारण्याविरुद्ध स्पष्ट कायदा हवा, ही मागणी आपण बौद्धांनी आणि मुस्लिमांनी मिळून केली पाहिजे. तिसऱ्या प्रश्नावर अडलेला आणि पहिल्या प्रश्नावर अडलेला, दोघे एकाच दाराबाहेर उभे आहेत.

तर मित्रा, तुझ्यासाठी आमचे उत्तर असे. तुला आडनाव बदलायचे असेल तर अवश्य बदल, तो तुझा अधिकार आहे. पण मालकाच्या प्रश्नाला घाबरून बदलू नकोस. बदललेस तर सगळ्यांना सांगून बदल, अर्थ असलेले नाव घे, आणि आधी गावाला जाऊन आजोबांचा दाखला काढ. नाही बदललेस तर ते गाव एकदा डोळ्यांनी पाहून ये. आपला वाडा कुठे होता, शीव कुठून जात होती, विहीर कोणती होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आण. पुढच्या महिन्यात वर्गात तोच विषय ठेवू.

आणि खोलीचे म्हणशील, तर पुढच्या रविवारी वर्ग लवकर सोडू. आपण पाच-सहा जण मिळून जागा बघायला जाऊ, तुझा मित्रही असेल. कुणी आडनाव विचारले तर आडनाव सांगू. गाव विचारले तर गाव सांगू. आणि तिसरा प्रश्न आला, तर तो विचारणाऱ्यालाच आपण पहिला प्रश्न विचारू: हे तुम्हाला कशासाठी हवे आहे?

जय भीम! जय संविधान!